राजारामपुरीत आलेलं सॅन होजेचं समन्स

लग्न कोल्हापुरात, २०१६ मध्ये, हिंदू पद्धतीनं, नोंदणीही तिथलीच. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला सॉफ्टवेअरमध्ये. बायको एम.कॉम., पण जोडीदारासाठीच्या एच-४ व्हिसावर गेल्यामुळं तिकडं नोकरीची परवानगी नाही. मुलगी कॅलिफोर्नियात जन्मली, म्हणजे जन्मानं अमेरिकन नागरिक. २०२२ च्या डिसेंबरात मायलेकी दोन महिन्यांसाठी माहेरी आल्या, परतीची तिकिटं काढूनच. फेब्रुवारीत नवऱ्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: तू परत येऊ नकोस, मी वकील केलाय. एप्रिलच्या शेवटी राजारामपुरीतल्या घरी कुरिअरनं जाड पाकीट आलं. आत सॅन होजेहून, सांता क्लारा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) सुपिरियर कोर्टाचं समन्स आणि घटस्फोटाची पिटिशन.

हे कुणा एका घरातलं प्रकरण नाही. एनआरआय घटस्फोटांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे जुळवून ते एक केलंय, त्यामुळं माणसं ओळखायचा प्रयत्न करू नये. कायदा, फॉर्म, फी आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

पाकीट उघडल्यावर घरात जे झालं ते अशा बहुतेक घरांत होतं. आई रडायला लागली. भाऊ पोलीस ठाण्यात जायला निघाला. निवृत्त नायब तहसीलदार असलेल्या मामांनी निकाल देऊन टाकला: "उत्तरच द्यायचं नाही. लग्न आपल्याकडं झालंय. तिकडच्या कोर्टाचा हुकूम इथं कोण विचारतोय?"

मामांचं अर्धं बरोबर होतं. घात होतो तो त्या उरलेल्या अर्ध्यानं.

मामांचं बरोबर असलेलं अर्धं

सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल या विषयात आजही पाया मानला जातो. त्यातलं लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला झालेलं. नवऱ्यानं अमेरिकेत मिसुरी राज्यात नव्वद दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर घटस्फोट मागितला. बायको भारतात. तिनं पोस्टानं हरकत कळवली, पण तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नाही. १९८० मध्ये तिच्या गैरहजेरीत डिक्री झाली आणि पुढच्या वर्षी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. बायकोनं द्विभार्या प्रतिबंधाखाली फिर्याद केली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्यात असलेल्या कारणावर आणि त्याच कायद्यानं अधिकार दिलेल्या कोर्टात घटस्फोट झाला पाहिजे, हे मूळ सूत्र. त्याला अपवाद तीन. एक, समोरचा माणूस कायमचा त्या परदेशी कोर्टाच्या हद्दीत राहणारा असेल आणि घटस्फोट आपल्या विवाह कायद्यातल्या कारणावर मिळाला असेल. दोन, समोरच्यानं आपणहून हजर होऊन दावा लढवला असेल, आणि इथंही कारण आपल्या कायद्यातलंच असेल. तीन, समोरच्यानं घटस्फोटाला संमती दिली असेल.

आता पिटिशनमध्ये कारणाच्या जागी खूण कशावर होती? 'न मिटणारे मतभेद' यावर. कॅलिफोर्नियात व्यवहारात हेच एक कारण चालतं. दुसरं आहे ते जोडीदार कायमचा निर्णयक्षम न उरल्याचं, आणि ते क्वचितच वापरलं जातं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मात्र मतभेद हे कारण नाहीच. क्रूरता आहे, परित्याग आहे, व्यभिचार आहे. संसार पूर्ण मोडलाय एवढ्यावर घटस्फोट द्यायचा तर सर्वोच्च न्यायालयाला घटनेच्या कलम १४२ खालचा आपला खास अधिकार वापरावा लागतो; शिल्पा शैलेश निकालात २०२३ मध्ये घटनापीठानं तो अधिकार स्पष्ट केला. म्हणजे तिनं संमती दिली नाही, तर सॅन होजेच्या निकालानंतर नवरा अमेरिकेत मोकळा आणि भारताच्या कायद्यानं अजून विवाहित, अशी अवस्था होऊ शकते. तो पुढं भारतात दुसरं लग्न करायला गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ समोर उभं राहतं.

इथपर्यंत मामा जिंकले.

आणि चुकलेलं अर्धं

अमेरिकेत घटस्फोटाचा सगळ्या देशाला लागू असा एकच कायदा नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा. नेवाडात सहा आठवडे राहिलं की अर्ज करता येतो. टेक्ससला राज्यात सहा महिने आणि काउंटीत नव्वद दिवस लागतात. न्यू जर्सीत साधारणपणे वर्ष. कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकानं राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने काढलेले असले की झालं. नवऱ्यानं ही अट केव्हाच पुरी केलेली. त्यामुळं तिनं उत्तर दिलं नाही तरी लग्न मोडण्याचा अधिकार त्या कोर्टाला आहे, आणि मग एकतर्फी डिक्री होते. पिटिशनमध्ये जे मागितलंय तेवढ्याच चौकटीत होते, पण होते.

राज्याराज्यांतला खरा फरक मात्र मालमत्तेचा. कॅलिफोर्निया हे सामाईक मालमत्तेच्या नऊ राज्यांपैकी एक. लग्नापासून वेगळं होण्याच्या तारखेपर्यंत दोघांपैकी कुणीही कमावलेला पैसा, मग तो कुणाच्याही नावावर असो, निम्मा निम्मा. वारसानं आलेलं किंवा भेट मिळालेलं तेवढं बाजूला. बायको घरी होती, तिनं डॉलर कमावला नाही, असली सबब तिथं चालत नाही. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये कोर्ट 'न्याय्य' वाटणी करतं, ती निम्मीच असेल असं नाही. आणि भारतात? हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे, स्त्रीधन परत मागता येतं, पण नवऱ्याच्या कमाईत बायकोचा निम्मा वाटा अशी गोष्टच नाही.

नवऱ्याची सात वर्षांची बचत, निवृत्तीचं ४०१-के खातं, कंपनीनं टप्प्याटप्प्यानं दिलेले आरएसयू शेअर, सनीवेलच्या घरातलं कर्जाव्यतिरिक्तचं भांडवल: या सगळ्यात तिचा निम्मा हक्क ज्या कोर्टात उभा राहतो, त्याच कोर्टाचं पाकीट मामा परत पाठवायला सांगत होते. हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग उत्तर देऊया की." मला ते आवडले. आपलं मत इतक्या चटकन बदलणारे नातेवाईक कमीच भेटतात.

समन्सचा फॉर्म एफएल-११०. वर मोठ्या अक्षरांत सूचना, इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही: तुमच्यावर दावा झाला आहे. खाली लिहिलेलं असतं की रीतसर बजावणी झाल्यापासून तीस दिवसांत एफएल-१२० हा उत्तराचा फॉर्म दाखल करायचा. पत्र लिहून, फोन करून किंवा नुसतं कोर्टात जाऊन उभं राहून भागत नाही. मागच्या पानावर आपोआप लागू होणारे मनाई हुकूम: मूल राज्याबाहेर न्यायचं नाही, त्याचा नवा पासपोर्ट काढायचा नाही, विम्यातली नावं बदलायची नाहीत, मालमत्ता विकायची किंवा दडवायची नाही. हे हुकूम अर्ज करणाऱ्यावर अर्ज दाखल होताच लागू होतात, समोरच्यावर बजावणी झाल्यावर. म्हणजे घर विकायला नवऱ्याचे हात आधीच बांधलेले होते. ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती.

कुरिअर ही बजावणी नव्हे

भारत हेग बजावणी कराराचा सदस्य आहे, आणि त्यातल्या कलम १० ला भारतानं हरकत घेतलेली आहे. त्यामुळं परदेशी कोर्टाचे कागद टपालानं किंवा कुरिअरनं पाठवून भारतात कायदेशीर बजावणी होत नाही. विधी व न्याय मंत्रालयामार्फत विनंती यावी लागते आणि तिथून कागद स्थानिक कोर्टाच्या बेलिफाकडं जातात. त्याला महिनोन्‌महिने लागतात.

म्हणजे तीस दिवसांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं. गप्प बसून वेळ काढायचा की आपणहून हजर व्हायचं, हा निर्णय तिच्या हातात होता. गप्प बसण्याचा एक फायदा खरा होता: डिक्री होईपर्यंत तिचा एच-४ दर्जा नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारानं टिकतो, डिक्रीनंतर संपतो. पण ज्यानं काही मागितलंच नाही त्याला पोटगीही मिळत नाही. शिवाय नवऱ्याला डिक्रीची घाई होती, आणि घाई असलेल्या माणसाशी बोलणी लवकर जमतात. तिनं उत्तर द्यायचं ठरवलं. उत्तर दाखल केलं की आपण कोर्टाचा अधिकार मानला असं होतं आणि सहा महिन्यांची सक्तीची मुदत धावू लागते. त्याआधी लग्न कायदेशीर संपत नाही.

पिटिशन दाखल करायला तिथं ४३५ डॉलर लागतात, उत्तराला तेवढेच; काही काउंटींत थोडे जास्त. उत्पन्न नसलेल्याला एफडब्ल्यू-००१ फॉर्म भरून फी माफ करून घेता येते. तिला ती माफ झाली. सह्या कोल्हापुरातच झाल्या, नोटरीशिवाय: कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली खोटं बोलल्यास शिक्षेस पात्र, अशी ओळ वर असली की राज्याबाहेर केलेली सही चालते. सुनावणीला दूरस्थ हजेरीची सोय आहे. आणि वकिलाच्या खर्चाचं म्हणाल तर तिथल्या कौटुंबिक कायद्याच्या कलम २०३० खाली ज्याच्याकडं पैसा आहे त्यानं दुसऱ्याच्या वकिलाचा खर्च द्यावा, असा हुकूम कोर्ट करू शकतं. तसा अर्ज तिच्या सॅन होजेच्या वकीलबाईंनी पहिल्याच महिन्यात टाकला. ज्यांना वकील मिळत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक काउंटीच्या कोर्टात मोफत मदत केंद्र असतं, आणि बे एरियात 'मैत्री' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९९१ पासून काम करते.

भावाला ४९८-अ ची फिर्याद ठोकायची होती. आता ते न्याय संहितेचं कलम ८५. त्याला मी विरोध केला. छळ झाला असेल तर फिर्याद जरूर करावी, उशीर न करता. नुसतं दाबायला केली तर पुढं समेटाच्या टेबलावर तीच अडसर होते, आणि बहिणीची उलटतपासणी होते ती वेगळीच.

एका चौकोनातली तारीख

हे सगळं प्रकरण खरं तर एका चौकोनावर फिरलं. पिटिशनच्या फॉर्मवर, एफएल-१०० वर, दोन तारखा भरायच्या असतात: लग्नाची आणि वेगळं झाल्याची. नवऱ्यानं दुसऱ्या जागी २०२१ च्या डिसेंबरातली तारीख टाकली होती. तिनं वाचलं आणि तिला वाटलं टायपिंगची चूक असेल. ती कोल्हापूरला आली ते २०२२ मध्ये.

चूक नव्हती. मधल्या वर्षात त्याच्या आरएसयूचा मोठा हप्ता हातात आला होता. कॅलिफोर्नियात वेगळं झाल्याच्या तारखेनंतरची कमाई ज्याची त्याची. तारीख एक वर्ष मागं ओढली की ते शेअर सामाईकमधून बाहेर पडतात. नवऱ्याचं म्हणणं, आम्ही तेव्हापासून वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होतो.

कायदा काय बघतो? संबंध पूर्ण आणि कायमचे तुटले का, एकानं तसं दुसऱ्याला कळवलं का, आणि त्याचं वागणं त्या शब्दांना धरून होतं का. वेगळ्या खोल्या हा एक मुद्दा झाला, पण पुराव्याचा ढीग दुसऱ्या बाजूला होता. २०२२ च्या दिवाळीत दोघांनी मिळून घरात केलेल्या पूजेचे फोटो. एकत्र भरलेलं कर विवरणपत्र. संयुक्त खात्यातून गेलेली मुलीच्या प्ले स्कूलची फी. आणि सगळ्यांत बोलका कागद म्हणजे परतीचं विमान तिकीट, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, नवऱ्याच्याच क्रेडिट कार्डवर काढलेलं. जी बायको वर्षभरापूर्वी कायमची वेगळी झाली तिचं परतीचं तिकीट नवरा कशाला काढेल? फेब्रुवारीतला व्हॉट्सॲप निरोप तिच्या दृष्टीनं सर्वांत वाईट कागद होता. खटल्यात तोच सर्वांत उपयोगी ठरला, कारण 'मी वकील केलाय' हे शब्द त्यात पहिल्यांदा आले होते. तारीख अखेर २०२३ च्या फेब्रुवारीवर ठरली.

तरी आरएसयूचं गणित सरळ नसतं. दिलेले शेअर आणि हातात आलेले शेअर यांच्या मध्ये वर्षं असतात; वेगळं होण्याआधी मिळालेल्या पण नंतर पिकणाऱ्या हप्त्यांचा त्या काळाच्या प्रमाणात भाग सामाईक धरतात. १९८४ च्या एका अपील निकालातलं सूत्र त्यासाठी वापरलं जातं. हे काम हिशेबनिसाचं आहे, त्यात भावनेला जागा नाही.

हिशेब दडवायची सोय फारशी नसते. दोघांनाही आपली मिळकत, खर्च, मालमत्ता, कर्ज आणि मागच्या दोन वर्षांची कर विवरणपत्रं एकमेकांना द्यावी लागतात. दडवलं आणि सापडलं तर कोर्ट ती संपूर्ण मालमत्ता दुसऱ्याला देऊ शकतं. कॅलिफोर्नियात एका बाईंना तेरा लाखांहून अधिक डॉलरची लॉटरी लागली, त्यांनी ती लपवून लगोलग घटस्फोट मागितला. पुढं उघडकीला आलं आणि २००१ मध्ये अपील कोर्टानं सगळी रक्कम नवऱ्याला दिलेली कायम केली.

पोटगीचं त्या मानानं लवकर आटोपलं. तात्पुरत्या पोटगीसाठी सांता क्लारात सूत्र आहे: जास्त कमावणाऱ्याच्या निव्वळ मिळकतीचे ४० टक्के, त्यातून कमी कमावणाऱ्याच्या मिळकतीचे ५० टक्के वजा. मुलीचा खर्च वेगळा. दहा वर्षांच्या आतल्या लग्नात कायमची पोटगी साधारण लग्नाच्या निम्म्या काळापुरती धरतात, म्हणजे इथं साडेतीन वर्षांच्या आसपास.

मुलगी

इथं नवऱ्याची बाजू भक्कम होती. मुलाचा ताबा ठरवण्याचा अधिकार मूल दावा दाखल होण्याआधी सहा महिने जिथं राहिलं त्या राज्याचा, आणि मूल गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत पालकानं तिथंच अर्ज केला तर तो अधिकार टिकतो. मुलगी डिसेंबरात गेली, अर्ज एप्रिलमध्ये. बसलं गणित.

पण भारत १९८० च्या हेग बालअपहरण कराराचा सदस्य नाही. कॅलिफोर्नियाचा ताब्याचा हुकूम इथं आपोआप लागू होत नाही. इथलं न्यायालय मुलाचं हित बघतं आणि परदेशी हुकूम हा त्यातला एक मुद्दा धरतं, असं सर्वोच्च न्यायालयानं नित्या आनंद राघवन निकालात २०१७ मध्ये म्हटलं. याच भरवशावर बसू नये, हेही तिला सांगितलं. लाहरी सखमुरी प्रकरणात २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं मुलांना अमेरिकेला परत न्यायला लावलं. दोघांनाही आपण हरू शकतो हे दिसलं, आणि म्हणूनच समेट झाला. मुलगी शाळेच्या वर्षात कोल्हापुरात, उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडं, विमानभाडं वडिलांचं, रोज व्हिडिओवर बोलणं. हाच मजकूर इथल्या कौटुंबिक न्यायालयाच्या हुकुमातही घालायचं ठरलं.

संमती शेवटी

नवऱ्याला हवी असलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती: भारतात मान्य होईल असा घटस्फोट. ती संमती तिनं सगळ्या रकमा कागदावर आल्यावर दिली. यावर तिच्याच एका चुलत्यानं 'हे अडवणं झालं' असं म्हटलं. मला ते पटत नाही. तारीख मागं ओढणाऱ्या माणसाशी व्यवहार करताना हातातला कागद आधी सोडायचा नसतो.

कॅलिफोर्नियाचा निकाल समझोत्यावर झाला आणि त्यात तिची संमती शब्दांत नोंदवली. तिनं उत्तरच दिलं नसतं आणि तरी समझोता झाला असता, तर तिची सही नोटरीसमोर लागली असती. उत्तर दिलेलं असल्यानं ती पायरी वाचली. निकालाच्या प्रमाणित प्रतीवर सॅक्रामेंटोहून, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, अपोस्टील म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा यासाठीचं प्रमाणीकरण करून घेतलं. हा कागद कंटाळवाणा, पण चुकवू नये: नरसिंह राव प्रकरणात नवऱ्यानं हजर केलेली मिसुरीच्या डिक्रीची फोटोप्रत रीतसर प्रमाणित नव्हती, हेही त्याच्या विरोधात गेलं.

अमेरिकेतली डिक्री भारतात थेट अंमलात आणता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमेरिका परस्पर मान्यतेच्या देशांत नाही. म्हणून कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली वैवाहिक स्थितीच्या घोषणेचा दावा केला, दोघांच्या संमतीनं. काही वकील त्याऐवजी हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज आधीच टाकून ठेवतात आणि दोन्ही निकाल जवळपास एका वेळी घेतात. माझ्या मते तो मार्ग जास्त निर्धास्त आहे, फक्त दोघांचं बोलणं लवकर सुरू व्हायला हवं. त्यातली सहा महिन्यांची थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, व्हिडिओवर हजेरी चालते आणि आई-वडील किंवा भावंडं प्रतिनिधित्व करू शकतात, हे अमरदीप सिंग निकालानं २०१७ मध्ये ठरवलंय.

एक गोष्ट समझोत्यात राहता राहता राहिली होती, ती वकीलबाईंना शेवटच्या मसुद्यात सापडली. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि नव्यासाठी आई-वडील दोघांची संमती लागते. वडील सनीवेलला, अर्ज मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात. म्हणजे वडिलांनी डीएस-३०५३ फॉर्म नोटरीसमोर सही करून पाठवायचा, आणि ती सही तीन महिनेच चालते. आता करारात ओळ आहे: आईनं मागितल्यापासून पंधरा दिवसांत वडिलांनी तो फॉर्म पाठवावा, न पाठवल्यास आईला एकटीनं अर्ज करण्याचा अधिकार राहील.